दिल्लीगेटच्या उजव्या बाजूच्या तारा

शनिवारी मी नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरले आणि दिल्लीगेटच्या वेशीपर्यंत चालत आले. तू आली नव्हतीस. मी वाट पाहिली, मग फोन लावला. फोन रूथने उचलला. ती म्हणाली, "मावशी, आई काल गेली."

माझ्या पिशवीत तुझी वही होती. माझी वही तुझ्या घरी होती.

मार्था, तू किती वर्षं गणित शिकवलंस, किती मुली तुझ्यामुळे पुढे गेल्या, हे सगळं दफनविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी सांगितलं. चांगलं सांगितलं. तू शेजारी असतीस तर माझ्या कानाशी लागून म्हणाली असतीस, "यातल्या निम्म्याचा ताळा करून बघायला हवा." म्हणून मी ते पुन्हा लिहीत नाही. मला वह्यांविषयी बोलायचं आहे. या वह्यांपायी मधले काही दिवस तुझी लेक माझ्याकडे संशयाने बघत होती. आणि तुझ्याविषयीचे माझे स्वतःचे जे संशय आहेत, ते फिटवायला आता कुणी उरलेलं नाही.

आपण नगरला डीएडला होतो, पण नगर पाहिलंच नव्हतं. हॉस्टेल, कॉलेज आणि रविवारचं तुझं चर्च, एवढंच आपलं नगर. पुढे तू राहुरीला गेलीस, मी शेवगावला. मी मराठी शिकवलं आणि शाळेच्या ग्रंथालयाच्या किल्ल्या सांभाळल्या. निवृत्त झाल्यावर एका मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात भेटलो, तेव्हा तू पंगतीतच विषय काढलास.

"आपण दोघींनी नगरला प्रवासाला जायचं. लोक उदयपूरला जातात तसं. वही घ्यायची, सावली मिळेल तिथं बसायचं आणि दिसेल ते काढायचं."

"मला चित्र कुठं येतं?"

"मला तरी कुठं येतं? फळ्यावर हाताने वर्तुळ काढता येतं. वेशीला कमान असते. निम्मं काम झालं."

रविवार तुझा चर्चचा, म्हणून शनिवार ठरला. तुझी गाडी तारकपूरला यायची, माझी माळीवाड्याला. गाडीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर अजून "नगर, नगर" ओरडतो, आणि तू दोन्हींवर सारखाच अविश्वास दाखवून विचारायचीस, "नक्की जाते ना गाडी?" कापडबाजाराजवळच्या एका दुकानात आपण काळ्या पुठ्ठ्याच्या दोन सारख्या वह्या घेतल्या. तिथेच पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे.

पहिल्या काही शनिवारांत आपण दमडी मशीद काढली. दगडावरची नक्षी मी रेघेरेघेने उतरवली. मी तिथेच बसून छाया भरली. पुढच्या शनिवारी तू माझं पान उघडलंस, बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "हे दुपारचं ऊन नाही. हे ट्यूबलाइटचं ऊन आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तू हे घरी बसून रंगवलंस."

"मी तिथेच केलं, मार्था. तुझ्यासमोर."

"मी तेव्हा माझ्या चित्रात बघत होते. मी साक्षीदार नाही."

मी तुला तेव्हा सांगितलं, नंतर कितीदा तरी सांगितलं, आणि आताही सांगते. ती छाया मी तिथेच भरली. तू हसून सोडून द्यायचीस, पण तुला पटलं नव्हतं. ते भांडण तसंच राहिलं.

त्यातून तू नियम काढलास. संध्याकाळी निघताना वह्यांची अदलाबदल. माझी वही तू राहुरीला न्यायची, तुझी मी शेवगावला; पुढच्या शनिवारी काढायला बसताना आपापली हातात. घरी कुणाला आपल्या चित्राला हातच लावता येणार नाही. आणि पान पूर्ण झालं की खालची साक्षीची ओळ दुसरीने लिहायची. माझ्या चित्राखाली तुझ्या अक्षरात: जागेचं नाव, आणि पुढे "समोर बसून काढले. पाहिले." तुझ्या चित्राखाली माझ्या अक्षरात तेच. वही भरली की ज्याची त्याला परत. सही कुणीच करायची नाही. सहीची गरजच काय, म्हणालीस, आपल्या दोघींना ठाऊक आहेच.

आपल्या दोघींनाच ठाऊक होतं, मार्था. हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

माझा जीव पुस्तकात. छापलेलं दिसलं की मी आधी विश्वास ठेवते. तू उलट. तू म्हणायचीस, डोळा आळशी असतो, त्याला जे बघायचं असतं तेवढंच बघून तो घरी जातो. मी जुन्या दगडाचं चित्र काढायचे. तू दगडावर लटकलेलं सगळं काढायचीस. विजेच्या तारा, केबलच्या तारा, त्यांत अडकलेला पतंगाचा सांगाडा, आणि फ्लेक्स. त्या फ्लेक्सवरून आपण किती भांडलो! कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस, खाली शुभेच्छुकांची डोकी आणि प्रत्येक डोक्याला गॉगल. तू प्रत्येक गॉगल काढायचीस.

"अगं, एवढी जुनी वेस, आणि तू हे काय काढतेस?"

"वेस मला फ्लेक्सच्या मागे दिसते. तुला कशी पुढे दिसते?"

"मी फ्लेक्स गाळते."

"हे तू बघितलंस की बघायचं ठरवलंस?"

मी एवढंच म्हणायचे की फ्लेक्स महिन्याने उतरेल, वेस राहील. त्यावर तू म्हणायचीस, "मग महिन्याने ये."

माझं चित्र नेहमी आधी संपायचं. मी तुझ्या शेजारी शेंगदाणे खात बसायचे आणि तू मान वर न करता बोलायचीस, "गाळणाऱ्याचं लवकरच संपतं."

आपण सगळ्यांवर संशय घ्यायचो आणि सगळे आपल्यावर. भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशी बसलो होतो तेव्हा एक जवान आला. काय चाललंय, कुणाची परवानगी आहे, वही दाखवा. मी घाबरून वही पुढे केली. तू तुझी उघडून त्याच्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "बाळा, या चित्रावरून कुणाला किल्ला जिंकता आला तर आधी मला अटक कर." त्याने तुझा वाकडा बुरूज पाहिला, ओठ दाबले आणि वही परत दिली. जाताना मात्र म्हणाला, "तरीपण इथं नका बसू."

आणि दिल्लीगेटचे भाऊसाहेब. बॅगा आणि छत्र्या दुरुस्त करणारे. त्यांचं दुकान आत आहे, पण ओटा बाहेर रस्त्यावर आलाय आणि ओट्यावर पत्रा. आपण समोर बसलो की ते सुई टाकून उठून यायचे.

"ओ ताई, मापं घेताय काय? महापालिकेच्या हाय का तुमी?"

"नाही हो, चित्र काढतोय."

"समदे असंच म्हंत्यात. चित्रच काढत्यात, मंग नोटीस येती."

तू त्यांना चित्र दाखवलंस. त्यात ओटा होता, पत्रा होता, पत्र्यावर ठेवलेली वीटही होती. त्यांचा चेहरा पडला. "हे खोडा ना बाई. वटा कशाला घेतला? वेस घ्या की, एवढी मोठी वेस हाय!" तू खोडलं नाहीस. मग त्यांनी माझं चित्र पाहिलं. माझ्या चित्रात ओटा नव्हता. त्या दिवसापासून ते मला चहा पाठवायचे. तुला नाही. तू वहीत बघत म्हणायचीस, "घे. लाच आहे ती. सगळा पिऊन टाक, पुरावा राहायला नको."

आता त्या शेवटच्या शनिवारविषयी. मला तुझा सर्वांत जास्त संशय त्या दिवसाचा आहे.

दोघींनी दिल्लीगेटच काढायचं ठरवलं होतं. तू ऊन बघून जागा निवडायचीस, पण त्या दिवशी सरळ भाऊसाहेबांच्या ओट्यावर, पत्र्याबाहेर आलेल्या कडेला जाऊन बसलीस. भाऊसाहेब हसले. "काय बाई, आता बरा हाय का वटा?" तू म्हणालीस, "आता वरून बघते, किती पुढे आलाय ते." त्यांनी चहा आणला. आणि तू तो घेतलास. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी थट्टा केली, "पुरावा?" तू म्हणालीस, "आज राहू दे."

मग तू चित्र अर्धवट ठेवलंस. डावीकडच्या तारा काढल्यास, फ्लेक्स काढलास, कमान काढलीस, ओटा नि पत्राही काढलास, आणि उजवीकडच्या तारांना हात घालण्याआधी पेन बंद केलंस. "गाडी चुकेल. पुढच्या शनिवारी." तारकपूरहून राहुरीला जायला गाड्यांची काय कमी आहे, मार्था? तू कधीच काही अर्धवट ठेवत नव्हतीस. माझ्या पानाखाली साक्षीची ओळ लिहिलीस. तुझ्या पानाखाली मी लिहिली नाही, कारण ते पूर्ण नव्हतं. वह्या बदलल्या. रिक्षात बसताना तू दांडा धरून जरा थांबलीस. मी विचारलं, "काय गं?" तू म्हणालीस, "काही नाही, साडी अडकली."

साडी अडकली नव्हती. मी बघत होते. तुला काही कळलं होतं का? छातीत काही होत होतं का आणि तू मला सांगितलं नाहीस? रूथ म्हणते, आईने आम्हालाही काही सांगितलं नाही. ज्या बाईने माझ्या एका छायेवर इतकी वर्षं विश्वास ठेवला नाही, तिने साडी अडकली म्हटलं आणि मी मान्य केलं. याचा मला तुझ्यावर राग आहे. तो कमी होत नाही.

दफनविधीनंतर काही दिवसांनी रूथने फोनवर एक कार्ड पाठवलं. स्मरणोपासनेचं आमंत्रण. वर तुझं नाव, मध्ये दिल्लीगेटचं चित्र, खाली ओळ: "आईचे शेवटचे चित्र."

चित्र माझं होतं.

स्वच्छ वेस. उघडी कमान, मागे रिकामं आभाळ. ना तार, ना फ्लेक्स, ना ओटा. आणि खाली तुझ्या हातची ओळ: "समोर बसून काढले. पाहिले." कुणालाही वाटेल की तूच काढलंस आणि तूच लिहिलंस. रूथने सोबत लिहिलं होतं, "मावशी, प्रिंटला द्यायचंय. पाळकसाहेब म्हणाले, बाईंनी जणू पलीकडचं दारच काढून ठेवलं. आईने शेवटी तारा काढायच्या सोडल्या हो. किती शांत आहे बघा."

मी तो निरोप परत परत वाचला. गप्प बसणं सोपं होतं. त्या मुलीची आई गेली होती आणि तिला एका पानावर आई शांत दिसत होती. ते मी का काढून घ्यावं? पण तुझ्या नावाने असं चित्र छापायचं, की जे तुला एक दिवससुद्धा पटलं नसतं? ज्या गाळण्याशी तू भांडत राहिलीस, तेच तुझ्या कार्डावर? आणि आणखी एक संशय होता, तो माझा माझ्यावरच. मी हे तुझ्यासाठी सांगायला निघाले आहे, की माझं चित्र छापलं जातंय आणि खाली माझं नाव नाही म्हणून? खरं सांगते, ते मला नीट कळलं नाही. तरी मी तुझी वही घेऊन राहुरीची गाडी धरली.

तुझ्या घरात रूथ आणि जावई नितीन कपाटं आवरत होते; दोघं राहुरीतच राहतात. मी तुमच्या रीतीने सलाम केला, बसले, पाणी प्यायले आणि वही टेबलावर ठेवली.

"ही आईची वही आहे, रूथ. तुझ्याकडे आहे ती माझी."

तिने दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. बाहेरून एक दुसरीहून वेगळी कळत नव्हती.

"आईची तुमच्याकडे आणि तुमची आईकडे? असं कोण करतं, मावशी?"

मी नियम सांगितला. सांगताना मलाच तो खोटा वाटायला लागला. रूथने माझी वही उघडली. "पण हे आईचं अक्षर आहे. मला आईचं अक्षर ओळखू येणार नाही का?"

"अक्षर तिचंच आहे. चित्र माझं आहे."

"आणि या दुसऱ्या वहीत अक्षर तुमचं आहे, पण चित्र आईचं?"

"हो."

नितीन दारात उभा होता. तो हसत, पण अगदी हळू म्हणाला, "मावशी, अशा वह्यांना पुण्यात हल्ली चांगले पैसे मिळतात म्हणे."

"नितीन, थांब," रूथ म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत होती ती तुझ्याच नजरेने. उत्तर बरोबर आणि रीत गायब अशी वही तपासायला आली, की तू अशी बघायचीस. मला वाईट वाटलं आणि जरा बरंही वाटलं. कुणीतरी अजून माझ्यावर तुझ्यासारखा संशय घेत होतं.

मी म्हटलं, "जुन्या वह्या काढ. तिच्या चित्रांत तारा असतातच."

"असतात. मी बघितल्यात. त्यांत खालची ओळ तुमच्या हातची आहे; मला वाटलं, शेवटी तिने तारा सोडल्या आणि ओळही स्वतःच लिहिली." मग ती म्हणाली, "मी इथं आले की आई दुपारी जेवण झाल्यावर ही वही उघडून बसलेली असायची. मी विचारायचे, काय बघतेस? ती म्हणायची, अजून पटत नाही. मला वाटायचं, स्वतःच्या चित्राविषयी म्हणते."

तू माझी वही नुसती ओलीस ठेवली नव्हतीस तर. रोज उघडून भांडत होतीस.

मी रूथला विचारून माझी वही हातात घेतली आणि खिडकीशी बसून एकेक पान पाहिलं. मी काय शोधत होते ते तुला सांगते. तुझी एखादी रेघ. माझ्या रिकाम्या आभाळात गुपचूप टाकलेली एक तार, कोपऱ्यात एखादा गॉगल. दुपारच्या त्या एकांतात तुझा हात एकदा तरी शिवशिवला असेल, असं मला वाटत होतं. पानं उजेडाला धरून पाहिली. काही नव्हतं. तू नियम पाळला होतास. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, तू लबाडी केली असतीस तर बरं झालं असतं.

रूथ म्हणाली, "मावशी, मला तुमच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. पण कार्ड शंभर घरांत जाणार आहे. मला खात्री हवी."

"मग समोर जाऊन बघ," मी म्हटलं. हे माझं वाक्य नव्हतं, तुझं होतं.

शनिवारी आम्ही दोघी दिल्लीगेटला उभ्या राहिलो. रूथच्या एका हातात तुझी वही, एका हातात माझी. फ्लेक्स बदललेला होता. वाढदिवस दुसऱ्या कुणाचा होता, गॉगल तसेच. ती वर तारांकडे बघत होती, परत पानात बघत होती, तेवढ्यात भाऊसाहेब उठून आले.

"ओ ताई, ह्या नव्या बाई कोन? ह्या बी मापं घेत्यात काय?"

"मार्थाबाईंची मुलगी आहे ही."

"व्हय? आन् त्या कुटं हायेत? लई दिस झालं, आल्या न्हाईत."

मी सांगितलं. भाऊसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग रूथच्या हातातल्या उघड्या वहीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी बोट ठेवलं, ते बरोबर तुझ्या पानावर.

"ही त्यांचीच. बघा, माजा वटा. पत्रा. पत्र्यावरची ईट बी सोडली न्हाई! किती येळा म्हनलो, बाई, खोडा. न्हाई खोडलं. लई भांडलो आमी." मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "ह्या ताई शान्या. ह्यांनी माजा वटा कंदीच न्हाई घेतला."

रूथने दुसरी वही पुढे केली. "मग ही?"

"ही ह्यांची. वटा हाय का तिच्यात? न्हाई ना? मंग ह्यांची." मग ते म्हणाले, "शेवटाला बाई हितंच बसल्या हुत्या. माज्या वट्याव. च्या बी पेल्या. मला वाटलं, आता तरी सोडत्याल. तर बसल्या त्योच वटा काढला!"

रूथ हसली. आई गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हाच. मग तिने डोळे पुसले आणि मला विचारलं, "म्हणजे मावशी, आईचं मन शेवटी शांत नव्हतं का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. त्या दिवशी ती तारांवरून माझ्याशी भांडत होती, एवढं मी सांगू शकते."

तिने पुन्हा वर पाहिलं. बराच वेळ. "उजवीकडच्या राहिल्यात," ती म्हणाली.

"हो. पुढच्या शनिवारी काढणार होती."

भाऊसाहेबांनी चहा मागवला. दोघींना.

स्मरणोपासनेच्या कार्डावर तुझं चित्र छापलं गेलं. फ्लेक्स, गॉगल, डावीकडच्या तारा, ओटा, वीट, आणि उजवीकडे कोरं आभाळ. पाळकसाहेबांनी कार्ड जवळ धरलं, लांब धरलं आणि रूथला हळूच विचारलं, "हे कुणाच्या वाढदिवसाचं आहे का?" तुझी एक चुलत नणंद माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "छापताना उजवीकडचं राहिलंय बघा." रूथने ते ऐकलं. मागे वळून म्हणाली, "छापताना नाही, आत्या. आईचंच राहिलंय."

तुझ्या घरात सगळे जेवत होते तेव्हा रूथ दोन्ही वह्या घेऊन माझ्याजवळ आली. मी माझी घ्यायला हात पुढे केला. तिने तुझी दिली.

"अगं, ही आईची आहे."

"माझ्याकडे तिच्या जुन्या आहेत. ज्याची वही त्याच्याकडे ठेवायची नाही, असंच ठरलं होतं ना तुमचं?" मग म्हणाली, "तुमच्या वहीत आईचं अक्षर आहे, मावशी. ती माझ्याकडे राहू द्या. मी दुपारी बघेन."

"बघ. पण काही काढू नकोस तिच्यात."

"तुम्हीपण," ती म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

गाडीत मी वही मांडीवर धरून बसले होते. वांबोरी फाटा मागे गेला तेव्हा मला आठवलं की तुझे आभार मानायचे राहून गेले. पंगतीत तू ते बोलली नसतीस तर मी शेवगावात पुस्तकांच्या कपाटाशी बसून राहिले असते आणि नगर मला छापील पानावरच माहीत राहिलं असतं. तू मला उन्हात नेऊन बसवलंस. माझ्यावर संशय घेतलास, म्हणून मी नीट बघायला शिकले. निदान, काय गाळते आहे हे तरी मला कळायला लागलं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "घरी बसून पाठ करून आलीस का?"

कधीकधी वही उघडते आणि पेन हातात घेते. चारपाच रेघांचं काम आहे. खांब कुठे आहे ते मला माहीत आहे, तारा कशा लोंबतात तेही माहीत आहे. तरी मी पेन ठेवून देते.

आता माझी वही राहुरीला रूथकडे आहे. तुझी शेवगावला माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या पानावर दिल्लीगेट आहे, उजव्या बाजूच्या तारा नाहीत, आणि खाली साक्षीची ओळ लिहिलेली नाही.